गोड्या पाण्यातला ऑक्टोपस

पेपरवाल्यानं एकच तारा दिला होता,
तोही, म्हणे, पोस्टर रंगवणाऱ्याला.
बाकी पिसंच काढली होती:
गोड्या पाण्यात ऑक्टोपस नसतो.
असला तरी त्याला दात नसतात.
मग नायक डेंटिस्ट कशाला?
शेवट तेवढा धाडसी, असं मात्र जाता जाता म्हटलं होतं.

प्रश्न बिनतोड होता.
मी तो डुलुथच्या उणे सव्वीस अंशांत
हातमोज्यात घडी घालून नेला,
कारण घरी हीटरखेरीज कुणी बोलत नव्हतं
आणि मंगळवारी तिकीट दोन डॉलर.

मी कोण, तर कोल्हापुरातल्या फिल्म क्लबात
चर्चेला पहिला वर जाणारा हात.
आशय, अवकाश, दिग्दर्शकाची भूमिका
हे शब्द मी खारे शेंगदाणे खावेत तसे खायचो.
हसू आलंच, तर खोकायचो.

चौदा माणसं होतो आम्ही.
बंदरावर लोखंडाचं खनिज भरणारे दोघे,
मांडीवर झोपलेलं पोर सांभाळणारी एक आई,
पॉपकॉर्न फेकणारी कॉलेजची पोरं,
आणि बर्फ उपसणारी गाडी चालवणारी एक बाई,
जाकिटावर नारिंगी दोऱ्यानं नाव: लोरेन किव्हिस्टो.

पडद्यावर ऑक्टोपस तळ्यातून वर आला,
मिनी-गोल्फच्या मैदानात शिरला.
आता मोडतोड, मी मनात म्हटलं.
त्यानं एका पायानं चेंडू उचलला,
बराच वेळ नेम धरला,
आणि हळूच, अगदी हळूच, भोकात सोडला.

मी हसलो.
खोकलो नाही, हसलो.
पुढच्या रांगेतल्या लोरेननं वळून पाहिलं,
जणू बंद पडलेलं कुणाचं इंजिन सुरू झालं.

मग तो डेंटिस्ट गळक्या होडीतून निघाला,
त्याच्या पायात रुतलेला गळ काढायला.
पेशंटला म्हणतात तसंच म्हणाला, जरासं टोचेल हं.
आणि त्या अवाढव्य जनावरानं
घाबरून त्याचा हात धरला.
सगळ्या पायांनी.

किनाऱ्यावर सैन्य, बंदुका रोखलेल्या,
आणि वीज गेली.

मॅनेजर टॉर्च घेऊन आला, पैसे परत देतो म्हणाला.
कुणी उठेना.
हॉल गारठत चालला, श्वासांची वाफ दिसू लागली.
ते पोर जागं झालं, विचारू लागलं:
मरतो का तो?

लोरेन उठली. मी तीनदा पाहिलाय, म्हणाली.
टॉर्च घेऊन पडद्यापुढे उभी राहिली.
आधी सैन्य झाली, मग डेंटिस्ट झाली,
मग आमचे मफलर मागून घेतले, खांद्यांना बांधले.
दोन हात तिचे, सहा मफलर आमचे.
सहावा माझा, करड्या रंगाचा, एका टोकाला उसवलेला.
असा तो ऑक्टोपस बर्फाच्या फटीतून
खाली, खाली, गोळ्या पोचत नाहीत तिथवर गेला.
आणि दर वसंतात, ती म्हणाली,
किनाऱ्याला गोल्फचा एक चेंडू लागतो.

टाळ्या वाजल्या. हातमोज्यांतल्या,
उशा झटकल्यासारख्या.

मार्चमध्ये लायब्ररीत डिस्क सापडली.
वीज गेली होती तिथून पुढे लावली.
चौथ्या मिनिटाला तो मरतो.
डेंटिस्ट पाठमोरा, कॅमेरा लांब,
व्हायोलिन, काळा पडदा, नावं.
धाडसी.
मी डिस्क एक दिवस आधीच परत केली.

लोरेनला काही विचारलं नाही.
पहाटे पाचला तिची गाडी गल्लीतून जाते,
मी खिडकीतून हात करतो,
ती दोनदा हॉर्न देते. शेजारी वैतागतात.

मे उजाडला. तळ्यावरचा बर्फ फुटलाय.
संध्याकाळी मी किनाऱ्यानं चालतो,
गोट्यांमध्ये पांढरं काही दिसलं की वाकतो.
बहुतेक वेळा दगडच असतो.