शेरा

वरून टेकडी दिसते ती अशी:
दहा मीटरला एक चौकोन
आणि चौकोनाला एकच रंग.
बेलापूरच्या चौथ्या मजल्यावर, पडदे ओढून,
मी खारघरची टेकडी वर्षभर अशी पाहिली.

जून ते सप्टेंबर उपग्रह आंधळा.
पाणी धो धो येतं तेव्हा मधे ढग,
ढग हटेपर्यंत पाणी खाडीत.
त्या महिन्यांवर आम्ही पांढरा मुखवटा चढवतो
आणि लिहितो: माहिती उपलब्ध नाही.

एप्रिलच्या चित्रात सगळा उतार विटकरी,
वरच्या अंगाला एकच चौकोन हिरवा.
दळी सर म्हणाले, चूक असेल. बघून ये.

चूक नव्हती. उंबर होता.
त्याच्या मुळाशी कोपरभर भेग,
भेगेत पाणी,
वाहतंय म्हणावं
की कातळाला घाम आलाय म्हणावं, ठरेना.
कळशी तिरकी लावून
आंबी शिद शेजारी बसली होती, भिजवलेले वाल सोलत.

मी घड्याळ लावलं. ती हसली.
"माघात एक पसा वाल सोलून होतो तवर भरते.
आता चार पसे.
सहा झाले त्या साली खाली गेलो,
सेक्टरात, इमारतीच्या नळावर.
वॉचमन बरा होता. एक हंडा द्यायचा."
कुठलं साल?
"थोरलीला दात आले ते."

तिथून खाली गोल्फचं मैदान दिसत होतं,
माझ्या नकाशातली सगळ्यात हिरवी जागा.
ती तिकडे बघत नव्हती. मी बघत होते.
पंचवीस मिनिटांत दहा लिटर.

परत येऊन तक्ता उघडला.
अक्षांश, रेखांश, उंची.
प्रवाह, मिनिटाला लिटरमध्ये:
मी शून्य पूर्णांक चार भरलं,
यंत्राने जवळचा पूर्ण आकडा धरला:
शून्य.
पुन्हा भरलं. पुन्हा शून्य.

मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
चैत्र, चार पसे वाल. सहा झाले तर कळवणे.

दळी सरांनी चष्मा वर सरकवून दोनदा वाचलं.
मला वाटलं, खोडतील.
"पसा कुणाचा?" म्हणाले. "तिचा की तुझा?"

माझा हात टेबलावर पालथा होता.
उताणा केला, बोटं वळवून खळगा केला.
त्यात किती वाल मावतात,
मला माहीत नव्हतं.