हात धुण्यापुरते टोमॅटो

पहिल्या सभेला अकरा माणसं आणि एक बकरी.
मी भिंतीवर तक्ता लावला : राजमा, रास्पबेरी, लव्हेंडर,
एकरी खर्च, एकरी उतारा.
राइमआजोबा तक्ता सोडून माझ्या बुटांकडे बघत होते.
शेवटी म्हणाले, "इथे तंबाखूशिवाय काही येत नाही, पोरी.
रोदोपीच्या दगडाला दुसरं काय फुटणार?"
बकरीने तक्त्याचा खालचा कोपरा खाल्ला.
लव्हेंडर तिथेच होतं.

त्या रात्री झुल्फियेकडे मुक्काम.
अडीच वाजता तिने मला हलवलं.
दव आहे तोवरच पानं खुडायची,
ऊन चढलं की मलूल पडतात, सुईत नीट बसत नाहीत.
कपाळाला दिवे बांधून उताराला लागलो.
समोरच्या डोंगरावर दिवे, त्याच्या पलीकडेही दिवे,
कुणी कुणाला हाक देत नव्हतं.

सात वाजेतो माझे हात काळे.
पानाचा चीक, साबणाला न जुमानणारा.
पावाला लागला तर पाव कडू,
डोळ्याला लागला तर दिवस कडू.
झुल्फिये हसली. बांधावरचे दोन हिरवे टोमॅटो तोडून
दगडावर चिरडले, माझ्या तळव्यांवर चोळले.
हिरवट फेस आला
आणि त्याखाली माझीच कातडी, ओळखीची.

"हे लावता तुम्ही?"
"लावते कसली! हात धुण्यापुरते आहेत."
"आणि तो वेल?"
"राजमा. आमच्यापुरता."
"भोपळा?"
"जावेपुरता."
चाळीस वर्षं ही बाई पुरतं-पुरतं पेरत होती,
आणि शेत म्हणजे तंबाखू, असं म्हणत होती.
मी तक्ता गुंडाळून ठेवला.

पुढलं वर्ष सांगण्यासारखं नाही.
सहा घरांनी अर्धा-अर्धा एकर राजमा लावला.
गारा पडल्या नाहीत, रोग आला नाही,
राजमा आला, भरभरून आला,
आणि ओसरीवर पोत्यांत बसून राहिला.
तंबाखूची गाडी दारात येते.
नाक मुरडते, दर पाडते, पण येते.
राजम्याला कोण येतं?
राइमआजोबांनी पोत्याच्या पाठीवर थाप मारली :
"गुणी पाहुणा आहे तुझा.
काही मागत नाही. जातही नाही."

मग मी बियाण्याबद्दल बोलणं सोडलं
आणि गाडी शोधत हिंडले.
प्लोवदिवमधल्या दोन खानावळी, एका शाळेचं स्वयंपाकघर,
एक वकील, ज्याला आईच्या हातचा राजमा आठवत होता
पण आईचा चेहरा नीट आठवत नव्हता.
एक जुनी व्हॅन, मागचं दार लागत नाही अशी,
महिन्यातून दोनदा घाट चढू लागली.
दार बांधायला दोरी झुल्फियेने दिली.
तंबाखूच्या माळांचीच.

आता तिसरं वर्ष.
गाव बदललं, असं मी अहवालात लिहिलंय.
ते तितकंसं खरं नाही.
राइमआजोबांचा निम्मा उतार अजून तंबाखूचाच.
"बापाला मी या पिकातच बघितलंय," म्हणतात.
मी वाद घालत नाही.
सेबिहाच्या मुलीला दोन्ही नको,
ती स्पेनला निघालीय, दुसऱ्याच्या स्ट्रॉबेऱ्या तोडायला.

पण काल झुल्फियेच्या ओसरीवर गेले.
मांडीवर तीच लांब चपटी सुई,
पानं ओवून ओवून गुळगुळीत झालेली.
त्यात लाल मिरच्या, देठाला देठ लावून.
ऊन पायरीवर चढलं तरी तिला घाई नव्हती.
"साडेसहाला उठले आज,"
ती म्हणाली, चोरी पकडल्यासारखी.

निघताना मी सवयीने बांधाकडे वळले,
हिरव्या टोमॅटोला हात घातला.
"राहू दे," ती म्हणाली,
"पिकू दे त्याला."