साबण कंपनीची परवानगी

रोसारिओच्या रेडिओवर, संध्याकाळी साडेसहाला,
माझे वडील रोज मरायला टेकत.
मार्चपासून.
जुलै आला, पाराना नदीवरून बोचरं वारं सुटलं,
तरी मालिकेतले दोन अन्सेल्मो अंथरुणातच,
कारण ते आजारी पडल्यापासून
साबणाच्या वड्या दुप्पट खपत होत्या.

कंपनीचा माणूस म्हणाला, बरं करू नका,
बरा झालेला माणूस कोण ऐकतं?
आणि मारूही नका.
असंच मध्ये कुठेतरी ठेवा.

आई त्यांच्या बायकोचं काम करायची.
घरी नऊ वर्षं अबोला;
कोर्दोबाच्या दौऱ्यात एक गायिका होती, जाऊ द्या.
माइकसमोर मात्र ती त्यांचे पाय चेपायची,
म्हणजे मी चेपायचे, कणकेचा गोळा, ओल्या फडक्यात.
आवाजांचं खातं माझ्याकडे.
पाऊस म्हणजे पत्र्याच्या ताटात तांदूळ,
हाड म्हणजे सेलरीचा देठ, ताजा हवा, शिळा वाजत नाही.
आणि जीव जाणं म्हणजे
खुर्चीच्या पाठीवरून रेशमी पायमोजा
हळूच ओढून घ्यायचा.
त्याचा सराव मी एप्रिलमध्येच करून ठेवला होता.

लोक काय काय पाठवत!
कांद्याचा काढा, कोंबडीची चरबी,
एका बाईने तर जिवंत बदक, गळ्यात संताचा बिल्ला घालून.
काढे बाबा घरी आणत आणि गुपचूप पीत.
त्यांना खरंच खोकला झाला होता.
आम्ही म्हणायचो, वा, काय जमलाय!

मग लव्हेंडरचा नवा साबण यायचा ठरला.
त्याला नवी गोष्ट हवी, तरुण, सुवासिक.
पत्र आलं: दोन अन्सेल्मोंना शुक्रवारी मरायला हरकत नाही.
बाबांनी लेखकाला धरलं.
दीड पानात मी मरणार नाही, म्हणाले,
तीस वर्षं या धंद्यात आहे, तीन पानं तरी हवीत.
घासाघीस होऊन सव्वादोनवर तुटलं.

शुक्रवारी, पहिल्या पानाच्या तळाशी,
"एर्मिनिया, ती खिडकी..."
इथे ते थांबले.
वाक्य पुढे होतं. खिडकी उघडायची होती.
आई वाट बघत राहिली. एक, दोन, तीन सेकंद,
रेडिओवर हे फार होतं,
लोक उठून संच थोपटायला लागतात.
मग आई म्हणाली, "एवारिस्तो?"
खऱ्या नावाने. नऊ वर्षांनी. अख्ख्या प्रांताला ऐकू जाईल असं.

माझ्या भावाने, रोहेलिओने, बाबांच्या बोटांतून कागद सोडवला
आणि बाबांच्याच आवाजात उरलेलं वाचलं.
एक ओळ गाळली नाही.
पायमोजा मी संहितेत होता तिथेच ओढला.
म्हणजे साधारण सहा मिनिटं उशिरा.

दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या दारात एकशे बारा पुष्पचक्रं,
सगळी दोन अन्सेल्मोंना.
मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात;
इथे तर म्हैसही दुसरीच होती.
बाबांना पोचवायला आम्ही अकरा जण,
त्यात कंपनीचा माणूस. तो आम्हाला मोजत होता.

शवपेटीवर माती पडली, आणि मला राहवलं नाही,
आईच्या कानात म्हटलं, किती सपाट वाजते गं खरी माती,
मी सुटकेसवर बटाटे टाकते, ते बरं.
आई काळ्या जाळीआड हसली,
मग तिला ते थांबवताच येईना.
खांदे हलत होते.
लोक म्हणाले, बिचारी.

रविवारपर्यंत पत्रांची पोती आली.
लव्हेंडर पुढे ढकलला.
डॉक्टरांचा अंदाज चुकला होता, असं लेखकाने लिहिलं,
नाडी सापडली, अगदी मंद, पण सापडली.
सोमवारी साडेसहाला रोहेलिओ खोकला.
आईने पाय चेपले. मी कणीक भिजवली.

आता तो ट्राममध्येही खोकतो, परत येताना,
खिडकीकडे तोंड करून.
मी काही विचारत नाही.
सेलरी घ्यायची असते, मंडई सातला बंद होते.