बारजील, फक्त दर्शनी

शारजाला, रोला चौकामागच्या ऑफिसात
मी दिवसभर बारजील काढतो.
बारजील म्हणजे वारा पकडायचा मनोरा :
चार तोंडं, मधे फुलीसारख्या भिंती,
वरून चाललेला वारा
खाली निजलेल्या माणसापर्यंत आणायचा.
आमचा बंद आहे. चारही तोंडांना फायबरचा पत्रा,
आत एसीचा पाइप, मोबाइल कंपनीचा अँटेना.
नकाशात मी टीप लिहितो : शोभेसाठी.

मग हा कशाचा? रबाबला विचारलं.
ती बसऱ्याची, आमची आर्किटेक्ट, प्रबंध अर्ध्यावर सोडलेली.
म्हणाली, बारजीलचा.
कोशात एका शब्दाचा अर्थ बघायला जावं तर दुसरा शब्द,
त्याचा बघावा तर तिसरा,
वस्तूपाशी पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी संपते.

मी म्हटलं, आमच्यात बिल्डिंगला इमारत म्हणतात.
ती हसली. ऐननं की अलिफनं?
ऐननं बांधलीस तर घर, अलिफनं बांधलीस तर राज्य.
दोनदा म्हणून दाखवलं,
तिसऱ्यांदा घशावर बोट ठेवून.
माझ्या चिपळूणच्या कानाला
दोन्हींत एकच जिना ऐकू आला.
तेव्हापासून भाड्याची पावती घेताना
जरा अडखळतो.

ऑगस्टात साइटवर वीज गेली, दुपारी दोनला.
रखवालदार गुलूम, लिंगे बंदरचा, पासष्टीचा,
खुर्ची उचलून थेट आमच्या बारजीलखाली बसला.
गळ्याचं बटण काढलं. मान वर केली.
लहानपणी आईशेजारी असाच बसायचा म्हणे.
मला सांगवेना
की ह्याला घसाच नाही,
तपशील क्रमांक चारशे सातमध्ये
मीच तो बुजवलाय.
अर्धा तास बसला. हनुवटीवरून घाम टपटपत होता.
मग एवढंच म्हणाला : हवा.

आली? नाहीच? की पाहिजे?
मराठीत मला कुठलंच खोडता येईना.
रबाब म्हणाली, अरबीतही तसंच,
शेवटचा हम्जा गिळला की वाऱ्याची ओढ होते.
आणि गुलूमची फारसी,
तिनं तो केव्हाच गिळलेला.

रात्री उशिरा फाइल उघडली.
'शोभेसाठी'च्या पुढे कर्सर लुकलुकत राहिला.
टीप तशीच ठेवली, नगरपालिकेची मंजुरी आहे तिच्यावर.
फक्त पत्र्याच्या कडेला, वायव्येला,
बोटभर फट सोडली.
एकास दोनशेच्या प्रमाणात
ती रेघेच्या जाडीत हरवते.