खोलीचा आवाज

परभणीतला जुना जकात नाका आता निवारागृह आहे.
मुक्काम सहा महिने. पुढं अर्ज करावा लागतो.

चार दिवस शूटिंग. सगळे बोलले.
चाँदबी दोनदा बोलली, कारण पहिल्यांदा
ऐन रॉकेलच्या गोष्टीत कुकरची शिट्टी आली.
दुसऱ्यांदा तेच सांगताना तिनं हात हलवले नाहीत.

शेवटी मी म्हणालो, एक मिनिट कुणी बोलू नका,
खोलीचा आवाज घ्यायचाय.
कुशावर्ताबाई हसल्या : "खोली कामून बोलंल बाबा?
ती काय आमची हाय?"

हेडफोनमध्ये पंखा.
दिगूच्या छातीतली घरघर.
लांब मोंढ्याकडं, मागं येणाऱ्या टेम्पोचं गाणं.
कुणाच्या तरी बांगड्या, मुठीत धरून थांबवलेल्या.

मिनिट संपलं. सांगायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही.
चार मिनिटं झाली.
एकही जण हलला नाही.
उठा म्हटल्याशिवाय उठायचं नसतं,
हे त्यांना कुणी, कुठं कुठं शिकवलं असेल.

फिल्ममध्ये ती शांतता वेगळी ऐकू येत नाही.
जिथं जिथं बोलणं कापलं
तिथं खालून तीच अंथरलीय,
चाँदबीच्या दोन वाक्यांमधे
सगळ्यात जास्त.