येण्याचे कारण

महाद्वाराच्या अलीकडे, दोन चपलांच्या दुकानांमधला
उभा जिना चढून गेलं की सातगोंडा बसतो.
पुढ्यात रजिस्टर, सुतळीला बांधलेला पेन.
नाव. गाव. किती माणसं. येण्याचे कारण.
म्हटलं, पेपर तपासणी. भूगोल. तीन रात्री.
त्यानं रकाना बघितला, मग मला बघितलं,
आणि वरच्याप्रमाणे म्हणून दोन रेघा ओढल्या.
वर होतं : दर्शन.
त्याच्याही वर रेघा. पानभर रेघा.
‘मावत न्हाई ओ तेवढं,’ म्हणाला,
‘कुठनं आलासा तेवढं नीट सांगा.’

दिवसभर विद्यापीठात मी
उलट्या वाहणाऱ्या नद्यांवर लाल शाई.
पंचगंगेच्या चार नद्या लिहून
एका पोरानं खाली लिहिलं होतं :
पाचवी दिसत नाही, पण आहे.
पूर्ण मार्क दिले.
मॉडरेटर बाई काय म्हणतील ते म्हणोत.

संध्याकाळी गंगावेशीत
म्हैस समोर, धार थेट पेल्यात,
ओठांवर फेस, आणि मागं उभा अनोळखी म्हातारा
‘अजून घ्या की, वाळलायसा’ म्हणणारा.
खोलीला खिडकी आहे, ती भिंतीवर उघडते.
पहाटे देवळातली घंटा वाजली
की टेबलावरचा स्टीलचा पेला
झाकणासकट बारीक बोलतो.
मी कूस बदलते. गेले नाही अजून.
रांग बघितली, चपला मोजल्या, परत आले.

खाली किरणोत्सवाची गर्दी.
दस्तगीर चहा आणतो आणि स्कोअर सांगतो :
परवा पायांवर. काल कमरेपर्यंत.
‘आज तोंडावर, बाई. ढग नसला तर.’

पाचच्या पुढं दार वाजलं. तोच, धापा टाकत :
‘गच्चीवर निळा टॉवेल तुमचा काय?’

तीन मजले. मी पन्नाशीतली, गुडघे दोन्ही बोलके.
तो पुढं, पायऱ्यांगणिक सांगत :
मोजणीवाले आलते दुर्बीण घेऊन,
आपला कठडा येतोय नेमका मधी,
दोन थर विटा उतरवल्या मालकांनी, टाकी सरकवली,
तीन दिवस दोरीला काय घालायचं न्हाई
म्हणून पाटी लावलीय, वाचली न्हाईसा?

वाचली नव्हती.
आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचते.

रंकाळ्याच्या बाजूला सूर्य टेकत आलेला,
आणि त्याच्या नि देवीच्या मधोमध
माझा टॉवेल,
सकाळचा ओला, कडेला गोंडे सुटलेला,
निवांत झुलत.

ओढला. चिमटे उडाले.
तीस वर्षं फळ्यावर हाच कोन काढत आले,
अक्षांश, क्रांती, तिरपी रेघ, टोकाला बाण,
बाण कुठं जातो ते कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
टॉवेल छातीशी धरून बघत राहिले तर
दस्तगीर ओरडला, ‘बाई, वाका की! डोस्कं!’

बसलो दोघं कठड्याच्या आडोशाला,
शेणी लावाव्यात तसे भिंतीला चिकटून.
डोक्यावरून, चार बोटांवरून,
ते जात होतं.
धूळ तेवढी पेटलेली.
बोट वर करून बघावंसं वाटलं.
हात टॉवेलखाली दाबून ठेवला.

किती वेळ, माहीत नाही.
कबुतरांनाही कुणी सांगितलं असावं.
मग खालून, दाराच्या आतून, उदो उदो उठला,
फुगत रस्ताभर आला,
चपलावाले, फुलवाल्या, हवालदार, सगळे त्यात.
दस्तगीरनं पँट झटकली.
‘पोचलं,’ म्हणाला,
तारवाल्यानं म्हणावं तसं,
आणि चिमटे गोळा करायला लागला.

सकाळी हिशोब. सातगोंडाने विचारलं नाही काही.
रजिस्टरमध्ये माझ्या ओळीखाली
निपाणीची पाच माणसं आलेली,
आणि कारणाच्या रकान्यात, माझ्याप्रमाणेच म्हणून,
दोन रेघा.

सही केली.
एस.टी.त पिशवी मांडीवर.
टॉवेल वाळलाच नव्हता,
किणी टोलनाक्यापर्यंत गार लागत होता.