कारण

अर्जात कारण विचारलं होतं. मी लिहिलं : साखर, गुडघे.
खरं हे, की वडलांच्या मातीला चटईवर बसले
आणि उठवायला तिघे भाऊ लागले.

ऑकलंडच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर पोट काढलं,
मग बरंचसं खोडलं.

आज पाचवा रविवार. चर्च सुटलंय,
मागच्या अंगणात जमिनीतली भट्टी उघडलीय —
अळूच्या पानातलं मटण, वाफ,
टोंगाची बोली एकमेकींवर आदळणारी.
माझ्यापुढे औषधाच्या झाकणानं मोजलेलं सूप.

"आमच्या हातचं नको झालं होय गं?"
मेलिआमे आत्या.

मी शर्ट वर करते. पाच व्रण,
एक अजून ओला.

ती बोट लावत नाही.
शेजारी बसते, माझ्या दोन घोटांमधलं
घड्याळ बघत.
तिच्या ताटात नारळाचं दूध
साकळत चाललेलं.